उजेड लागलेली रिळं

जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, चौक गावाच्या थोडं अलीकडे परवा आमची गाडी पंक्चर झाली. भाचा चाक काढून गॅरेजवाल्यापाशी जाऊन बसला आणि मी रस्त्याच्या कडेच्या शिरीषाखाली उभी राहिले. ऊन अजून तापायचं होतं. समोर पूर्वी सलग भाताची खाचरं होती, तिथं आता तारेची कुंपणं आहेत आणि रंगवलेल्या फाटकांवर बंगल्यांची लाडिक नावं. पण त्यांच्यामध्ये कुठंतरी एखादं खाचर विकायचं राहून गेलं असावं, कारण अचानक वारा फिरला आणि राब भाजल्याचा वास आला. पावसाळ्याआधी रोपांच्या तुकड्यावर वाळलेल्या फांद्या, पालापाचोळा, शेण असं थरावर थर पसरून जाळतात, त्याचा हा वास. त्यात धूर असतो, माती असते, आणि जळता जळता ओला निघालेल्या पाल्याचा एक कडवट, घशात बसणारा अंश असतो. मी पदर नाकाला लावला. भाच्यानं लांबूनच विचारलं, "त्रास होतोय का मावशी? काच लावून आत बस ना." मी नको म्हटलं. त्रास होत होताच. पण काच लावून तो थांबण्यातला नव्हता.

मी तेव्हा पुण्यात सिनेमा शिकत होते. सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं आणि कॅमेऱ्याच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. शिक्षण संपायच्या आधी कुणाच्यातरी चालू कामावर काही महिने उमेदवारी करावी लागे. माझ्या वर्गातली मुलं मुंबईच्या स्टुडिओंमध्ये पांगली. माझं मात्र कुठं जमेना. एक छायाचित्रकार तर अगदी मायेनं म्हणाले, "मुली, तू स्थिरचित्रं काढ. बारशाची, मुंजीची. तिथं बायकांना बाईच बरी वाटते." रागावण्याइतकी ताकदही तेव्हा माझ्यात उरली नव्हती. आणि अशा वेळी कुणाच्यातरी ओळखीनं मला एका माणसाचं बोलावणं आलं. कर्जत-खालापूरच्या डोंगरात तो स्वतःच्या हिमतीवर एक सिनेमा करत होता आणि त्याला कॅमेऱ्यावर मदतीला कुणीतरी हवं होतं. मुलगा की मुलगी, हे त्यानं विचारलंच नव्हतं.

त्यांना आम्ही सर म्हणत असू. ते खरोखरच चित्रकलेचे मास्तर होते; शाळेतली नोकरी सोडून आले होते. पस्तिशीचा, काटकुळा, हळू बोलणारा माणूस. त्यांच्या सिनेमात गाणी नव्हती, नट नव्हते, गोष्टसुद्धा अगदी बोटभर. डोंगरावरच्या ठाकरवाडीतली एक लहान मुलगी आईबरोबर मोळी घेऊन खाली बाजाराला जाते, गर्दीत आईचा हात सुटतो, आणि संध्याकाळपर्यंत ती एकटीच वाट शोधत डोंगर चढून घरी येते. एवढंच. मी भाबडेपणानं विचारलं होतं, "आणि मग पुढं?" सर म्हणाले, "पुढं काही नाही. ती घरी पोचते. मूल घरी पोचणं ही काय लहान गोष्ट आहे?"

कॅमेऱ्यावर अण्णा होते. कोल्हापूरच्या स्टुडिओत दिवे उचलण्यापासून सुरुवात करून पन्नाशीला पोचलेला, भरघोस मिशांचा, सारखा विड्या ओढणारा माणूस. पहिल्याच सकाळी त्यांनी मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही. खालच्या गावात ज्या शेतकऱ्याच्या घरी आम्ही उतरलो होतो, त्याच्या खळ्यात मला उभं केलं आणि म्हणाले, "ह्या भिंतीकडं बघत बस. ऊन कसं सरकतंय ते बघ. कॅमेरा काय, कुनीबी चालवतंय. आदी उजेड वळखाय शीक." मी बसले. शेणानं सारवलेल्या भिंतीवरून ऊन तिरपं उतरताना आधी सारवणाच्या बोटांचे उठाव दिसत, मग ते पुसट होत आणि भर दुपारी भिंत नुसती एक पांढरी, मुकी गोष्ट होऊन जाई. वर्गात दोन वर्षं फळ्यावर जे शिकले, ते त्या भिंतीनं मला एका दिवसात डोळ्यांत घातलं. घरच्या वहिनी मात्र येता-जाता हळूच म्हणत, "ही पोर दुपारपास्नं भिंतीशी बसलीय, हिला कोनी काय बोल्लं का रं?"

वाडी त्या गावाच्या वर, डोंगराच्या दुसऱ्या पायरीवर होती. कारवीच्या कुडांची पंधरा-वीस घरं, मध्ये एक जुनं आंब्याचं झाड आणि चारी बाजूंनी उतार. शिमगा नुकताच झाला होता. पळस ओसरत आला होता, करवंदी फुलावर होती, आणि खालच्या शेतांतून राबाचा धूर सरळ वर येऊन वाडीच्या पायथ्याशी पसरून राही. अण्णांना तो धूर फार आवडे. "देवानं फुकटात पडदा लावून दिलाय," म्हणत. त्यामुळे आमचं बरंचसं चित्रण त्या धुरातच झालं आणि संध्याकाळी माझ्या वेणीला, कपड्यांना, जेवणाच्या घासालासुद्धा त्याचा वास येई.

सरांना मुलगी सापडत नव्हती. वाडीतल्या पोरी आम्हांला पाहिलं की पाखरांसारख्या पांगत. एकदा आम्ही पायवाटेवर कॅमेरा लावून नुसतं रिकाम्या वाटेचं मोजमाप घेत होतो, तेव्हा एक सातआठ वर्षांची मुलगी डोक्यावर आपल्या मापाची लहानशी मोळी घेऊन वरून उतरली, थेट कॅमेऱ्यासमोर येऊन थांबली आणि म्हणाली, "वाट सोडा नं. माज्या डोईवं वजं हाय." सर तिच्याकडे पाहतच राहिले. अण्णांनी ट्रायपॉडचा पाय उचलून तिला वाट करून दिली. ती चार पावलं गेली, मागं वळली आणि विचारलं, "हे काय हाय?" आमची नायिका आम्हांला अशी मिळाली.

तिचा बाप वीटभट्टीवर पनवेलच्या बाजूला गेलेला होता. तो पावसाळ्याच्या तोंडावरच परतायचा. आई घरी. उंच, हाडापेरानं मजबूत, कमी बोलणारी बाई. तिनं सरांचं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "पोरीला दुकवायचं तर नाय नं काय?" नाही म्हटल्यावर ती स्वतःही मोळी घेऊन कॅमेऱ्यासमोरून चालायला तयार झाली. सिनेमातली आई म्हणूनही तीच राहिली. दुसरी कोण शोभली असती?

माझं काम फीत घेऊन अंतर मोजण्याचं. भिंगापासून मुलीच्या नाकापर्यंत फीत धरायची, आकडा अण्णांना सांगायचा, आणि ती चालू लागली की भिंगावरची कडी हळूहळू फिरवायची, म्हणजे ती धूसर होत नाही. फीत नाकाशी नेली की तिला हसू फुटे. ती डोळे तिरळे करून फितीच्या टोकाकडे पाही. मी "हलू नको गं" म्हणे, आणि ती आणखी हले. कॅमेरा सुरू झाला की मात्र तिच्यात काहीतरी बदले. ती अभिनय करत नव्हती. आमच्याकडे तिचं लक्षच नसे. मोळी सावरत, एखादं करवंदीचं फूल तोडत, पायात रुतलेला काटा एका पायावर उभी राहून काढत ती आपल्या वाटेनं चालत राही. सर माझ्या मागे श्वास रोखून उभे असत. एकदा चित्र संपल्यावर त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला आणि नुसतं "झालं" म्हणाले. त्यांचा आवाज ओला झाला होता.

खोपोलीला आम्ही तिला घेऊन गेलो तो दिवस मला फार स्पष्ट आठवतो. हरवलेली मुलगी बाजारातून भटकत भटकत कारखान्यांच्या बाजूला जाते, असं दृश्य होतं. वीजघराच्या वर, डोंगराच्या अंगावरून खाली उतरणारे पाण्याचे लोखंडी नळ तिनं पहिल्यांदाच जवळून पाहिले. मान मागं टाकून ती कितीतरी वेळ बघत राहिली. तेवढ्यात पाळी बदलल्याचा भोंगा झाला. तिनं दचकून कानांवर हात घेतले आणि आईला हाक मारली. आई माझ्या शेजारीच, चौकटीबाहेर उभी होती. पोरीची हाक ऐकून ती पुढं धावणार, तोच सरांनी हलकेच हात आडवा केला. क्षणभरच. अण्णांचा कॅमेरा फिरत होता. मग "झालं" म्हटल्याबरोबर आईनं जाऊन तिला उचलून घेतलं, एवढी मोठी पोर कडेवर घेतली, आणि आमच्या कुणाकडेही न पाहता रस्त्याच्या कडेला जाऊन बसली. पोर लगेच विसरली. पाव खाता खाता अण्णांना म्हणाली, "मला बगू द्या नं आतमदी." अण्णांनी कॅमेऱ्याची पेटी खाली घेतली, तिचा डोळा छिद्राला लावून दिला. ती हात पुढं करून हवेत चाचपू लागली.

"ताय, आय थकडं लांब बसलीय नं?"

"हो."

"मंग आतमदी जवळ कशी? हाताला कशी लागत नाय?"

आम्ही सगळे हसलो होतो.

एकच दृश्य राहिलं होतं: ती घरी पोचते. सरांनी ते मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. चित्रित झालेली रिळं डब्यांत घालून, कडेनं काळी चिकटपट्टी लावून वहिनींच्या माजघरात कणगीच्या मागे, घरातल्या सर्वांत गार जागी ठेवलेली होती. सगळी एकदमच मुंबईच्या प्रयोगशाळेत धुवायला न्यायची, म्हणजे सगळ्यांचा पोत सारखा येईल, असं अण्णांचं मत. त्या शेवटच्या दृश्यासाठी आम्ही सकाळी वाडीवर गेलो तर ती घोंगडीखाली पडलेली. अंगात ताप. आईनं झाडपाल्याचा रस दिला होता. "उद्याला उटंल," ती म्हणाली. दुसऱ्या सकाळी ती उठली नाही. मान ताठ झाली होती आणि ती कुणाला ओळखत नव्हती.

वाडीतल्या माणसांनी झोळी केली. डोंगर उतरताना मी झोळीच्या बाजूनं चालत होते, तिच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून ओढणी धरून. रस्त्यावर अण्णा आधीच धावत पुढं गेले होते. त्यांनी हात पसरून एक ट्रक थांबवला. आई आणि मी मागे, मोकळ्या हौद्यात, मांडीवर ती. कर्जतच्या दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारून पाहिलं, मानेखाली हात घालून पाहिलं. चांगला माणूस होता. त्यानं सुई दिली, सलाईन लावलं, स्वतः उशाशी बसून राहिला. बाहेर येऊन सरांना म्हणाला, "मेंदूपर्यंत गेलंय. मी खोटी आशा लावत नाही." दुपार कलायच्या आत ती गेली. आई रडली नाही. तिनं पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारले, गळ्यातली मण्यांची माळ सरळ केली आणि विचारलं, "आता घरला न्यायची नं?"

वाडीच्या वरच्या अंगाला तिला पुरलं. त्यानंतर आम्ही वाडीवर गेलो की दारं लागत. वहिनींनी चुलीपुढं बसून, माझ्याकडे न बघता सांगितलं, "लोकं बोलत्यात. त्या पेटीनं पोर नेली, आसं. तुमी आता वर नका जाऊ गं." सरांनी जेवण सोडल्यासारखंच केलं. ते खळ्यात बसून राहत, त्याच भिंतीकडे बघत. अण्णा एकदा म्हणाले, "मास्तर, जेवढं हाय तेवढ्याचं काय करता येतंय बघू. पोरीचं काम वाया घालवायचं न्हाई." सर म्हणाले, "ती घरी पोचतच नाही हो आता." आणि आत निघून गेले.

मग एका सकाळी तिची आई खाली आली. डोक्यावर मोळी नाही, हातात काही नाही. ती तशी उतरलेली मी कधी पाहिली नव्हती. खळ्याच्या कडेला बसली. वहिनींनी पाणी दिलं ते घेतलं. मग मला जवळ बोलावून, अगदी खालच्या आवाजात म्हणाली,

"बाय, समदी म्हनत्यात पेटीनं तुजी पोर नेली. मी नाय मानीत. ताप व्हता, ताप मला दिसत व्हता. पन म्या रातदिस इचार केला." तिनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "नेलीच आसंल, तर मंग आतमदी आसंल नं ती?"

मी तिच्या शेजारी टेकले.

"हाय का आत?"

"हाय," मी म्हटलं. "चालती, हसती. सगळी आहे."

"मंग मला दाव."

मी तिला समजावून सांगितलं, की डबा उघडला तर उजेड लागून सगळं पुसलं जातं. मुंबईला नेऊन अंधाऱ्या खोलीत औषधात धुवावं लागतं. मग पडद्यावर दिसतं. तिनं सगळं नीट ऐकलं. "जा मंग," म्हणाली. "घेऊन ये तिला." मागून अण्णा आले. ते म्हणाले, शाळेच्या भिंतीवर चादर बांधू, मशीन मी घेऊन येईन, सगळ्या वाडीला दाखवू. त्या बाईच्या चेहऱ्यावर त्या दिवसांत पहिल्यांदा काहीतरी हललं. सरांनीही ते ऐकलं असावं. त्यांनी त्या दुपारी दाढी केली.

चौक गावातून मुंबईला जाणारा एक टेंपो ठरवला. सामान परत करायचं होतं, डबे द्यायचे होते. सर पुढं ड्रायव्हरशेजारी, मी आणि अण्णा मागे, डब्यांची पेटी आमच्या दोघांच्या मध्ये. पेटीवर ओलं गोणपाट टाकलं होतं, उन्हानं तापू नये म्हणून. मी सबंध वाट त्या गोणपाटावर पाणी शिंपडत होते. शहराच्या वेशीवर जकात नाका होता. टेंपो थांबला. कारकून खिडकीतून उठून आला, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. सामानावरून नजर फिरवली आणि पेटीवर बोट ठेवलं.

"यात काय?"

"फिल्म आहे," सर खाली उतरून म्हणाले. "चित्रित झालेली. धुवायला नेतोय."

"उघडा."

"उघडता येणार नाही. उजेड लागला तर सगळं जाईल. प्रयोगशाळेत फोन करून विचारा हवं तर."

"उघडल्याशिवाय मी काय समजायचं? मागच्याच आठवड्यात एक जण असेच सीलबंद डबे घेऊन आला. अफू निघाली आत. मेमो मला मिळाला, त्याला नाही."

सर विनवू लागले. मी त्यांना असं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते हात जोडत होते, त्या माणसाच्या दंडाला धरत होते, एका मुलीचं नाव घेत होते. ते जसजसे काकुळतीला येत गेले, तसतसा त्या माणसाचा संशय वाढत गेला. माझ्याजवळ रिळं भरायची काळी पिशवी होती, दोन बाह्यांची, आत हात घालून अंधारात काम करायची. मी ती पुढं केली. "साहेब, डबा यात घालते. तुम्ही बाहीतून हात घाला, आत उघडून चाचपून बघा. दुसरं काही असेल तर हाताला लागेलच." त्यानं पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "पिशवीत हात घालून तपासणी? मी काय जादूचे प्रयोग करतो का?" आणि सर पेटीवर आडवे पडले. त्यांना उचलायला नाक्यावरची दोन माणसं लागली.

पहिल्या डब्याची पट्टी त्यानं नखानं काढली. झाकण उघडलं. भर दुपारचं, पांढरं, कुठंही सावली नसलेलं ऊन होतं. आत काही लपवलेलं असेल म्हणून त्यानं रीळ बाहेर काढलं, टोक धरून हातभर, मग आणखी हातभर सोडवलं, उलटंसुलटं पाहिलं. मग दुसरा डबा. मग तिसरा. अण्णा तोवर टेंपोच्या फळीवर बसले होते. "सोडा मास्तर," ते म्हणाले. "गेलं." त्या माणसानं शेवटपर्यंत सगळे डबे उघडले. तो दुष्ट नव्हता. सोडवलेलं रीळ त्यानं परत गुंडाळायचा प्रयत्न केला, झाकणं नीट बसवली, पेटी स्वतः उचलून टेंपोत ठेवली आणि सरांना म्हणाला, "घ्या. बघा, सगळं जसंच्या तसं आहे. उगाच घाबरलात."

तरी आम्ही रिळं धुवायला दिली. आतल्या वेढ्यांपर्यंत उजेड पोचला नसेल, अशी एक वेडी आशा होती. तीही अगदीच खोटी नव्हती. सगळी रिळं काळी ठिक्कर निघाली. फक्त एकाच्या गाभ्याशी काही हात फिल्म वाचली होती. तिची प्रिंट काढून आम्ही अंधाऱ्या खोलीत पडद्यावर पाहिली; निगेटिव्ह काळी झालेली असते तिथं प्रिंट पांढरी दिसते. वाडीची पायवाट, करवंदीची जाळी, खालून चढणारा धूर, आणि वाटेच्या वळणावर कुणीही नाही. कॅमेरा सुरू करून तिला हाक मारायची अशी पद्धत होती. ती हाक मारेपर्यंतची वाट तेवढी राहिली होती. तिथून कडेनं पांढुरकं येऊ लागलं, वाढत गेलं आणि ती वळणावर यायच्या आत सगळा पडदा त्यात बुडून गेला. सरांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तेच. मग त्यांनी दिवा लावायला सांगितला.

वाडीवर मी गेले. सरांना जाववेना आणि अण्णांनी माझ्या हातात आपलं भिंग दिलं, त्या वाचलेल्या तुकड्याची प्रिंट दिली. तिची आई दारातच होती. मी सगळं सांगितलं, नाका, ऊन, झाकणं. मग मी फिल्मची पट्टी आभाळापुढं धरली आणि भिंग तिच्या डोळ्याला लावलं. ती बराच वेळ पाहत होती. एकेक चौकट सरकवत होती.

"ही आमची वाट," ती म्हणाली.

"हो."

"पोर कुटं हाय?"

"येणारच होती," मी म्हटलं. "पुढं होती."

तिनं पट्टीच्या शेवटापर्यंत पाहिलं, जिथं सगळं पांढरं होतं तिथंही भिंग लावून पाहिलं. मग पट्टी माझ्या हातात परत दिली. चिडली नाही, हंबरडा फोडला नाही. तो फोडला असता तर मला आयुष्यभर बरं वाटलं असतं.

"मंग पेटीनं बी नाय नेली," ती म्हणाली. "मंग ती मेलीच."

आणि उठून आत गेली.

त्यापुढं सांगण्यासारखं फारसं नाही. सर पुन्हा शाळेत लागले, दुसऱ्या गावी. मी त्यांना एकदा भेटले. फळ्यावर मुलांना आंब्याचं पान काढून दाखवत होते. सिनेमाबद्दल ते बोलले नाहीत आणि मीही नाही. अण्णा काही वर्षांनी कोल्हापुरात वारले. मी शिक्षण पुरं केलं, कॅमेरा चालवला, धरणं, लसीकरणं, शेतीची प्रदर्शनं अशा कितीतरी सरकारी माहितीपटांवर राबले. त्या मायाळू छायाचित्रकारांनी सांगितलेली बारशीसुद्धा काढली. लोक म्हणतात हाताला काम लागलं की माणूस सावरतो. माझ्या हाताला सतत काम होतं. सावरणं म्हणतात ते नेमकं काय असतं, हे मला कळलेलं नाही. दिवस मात्र गेले, एवढं खरं.

वाडी आता तिथं नाही. उतार विकला गेला, माणसं खाली सरकली, काही साजगावच्या कारखान्यांत रोजावर लागली. तिची आई गेल्याचं मला फार उशिरा कळलं, तेही वहिनींच्या सुनेकडून, दुसऱ्याच काही बोलण्याच्या ओघात. तिचा बाप त्याआधीच गेला होता. मेलेलं माणूस आपल्या आठवणीत जिवंत राहतं, असं आपण एकमेकांना सांगत असतो. पण आठवणाऱ्यांचीही संख्या असते, आणि ती घटत जाते. ज्यांनी तिला कॅमेऱ्यासमोर चालताना, हसताना पाहिलं, त्यांच्यापैकी बहुधा मी एकटीच आता उरले असेन. आणि माझ्यावर कशाचा भरवसा? तिला रोज इतक्या जवळून पाहत असूनही मी तिचा चेहरा लक्षात ठेवायचे कष्ट घेतले नव्हते. ते काम पेटी करते आहे, असंच तेव्हा वाटत होतं. आता डोळे मिटून तिला समोर आणायला गेले की मोळी येते, मण्यांची माळ येते, धुरात हलणारं परकरासारखं काहीतरी येतं. चेहऱ्यापाशी सगळं थांबतं. तिचा समोरचा एक दात पडलेला होता, एवढं नक्की. वरचा की खालचा, ते मला आता सांगता येत नाही.